तीन नंबरची पट्टी

संखेकाकांबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा पहिला विचार हाच आला, की हा कागद त्यांच्या हातात पडला तर ते कुठे कुठे रेघ मारतील. खोडणार नाहीत. खोडायला त्यांचा विरोध होता. चुकलेल्या ओळीवरून एकच सरळ रेघ, बाजूला खरं काय ते, आणि खाली सही. "खालचं वाचता आलं पायजे," ते म्हणायचे. "चूक काय होती तेच दिसलं नाय, तर दुरुस्ती कसली?" म्हणून मी शक्य तेवढं आठवून लिहिते आहे. जिथे मला खात्री नाही तिथे तसं सांगेन.

आमच्या पालघरच्या कॉलेजात जिन्याखाली सामानाची खोली होती. तिथे एक लोखंडी कपाट आणि कपाटासमोर खुर्ची. खुर्चीवर संखेकाका. कपाटात प्रोजेक्टर, माइक, वायरींची भेंडोळी आणि एक रेकॉर्डर. हा रेकॉर्डर जेवणाच्या डब्याएवढा. त्याला एकाच वेळी चार माइक लागायचे आणि चारही आवाज वेगवेगळे साठवले जायचे. पुढच्या बाजूला छोटी स्क्रीन होती, तिच्यावर चार उभ्या पट्ट्या. कोणी बोललं की त्याची पट्टी वर चढायची, गप्प झालं की खाली पडायची. त्या कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला असायची आणि ते ती कोणालाही देत नसत. प्राचार्यांनी मागितली तरी स्वतः येऊन उघडायचे.

ते बुटके, रुंद खांद्यांचे होते. खिशात पेन आणि त्याच्या शेजारी टेस्टर. रोज कुंभवलीहून यायचे. तारापूरच्या केमिकल कारखान्यांत त्यांनी आयुष्य काढलं होतं, तेही पॅनलवर. पॅनल म्हणजे भिंतभर काटे आणि आकडे. त्यांच्यासमोर बसायचं, दर तासाला प्रत्येक काटा कुठे आहे ते लॉगशीटवर लिहायचं. कंपनी बंद पडली, मग ते आमच्याकडे आले. वर्षावर्षाच्या कंत्राटावर.

कॉलेजात ते कोणाला फारसे आवडायचे नाहीत. कारण त्यांची नजर. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत ते बघत नसत, तोंडाकडे बघायचे, अगदी रोखून. तुमच्या तोंडून खोटं कुठल्या बाजूने बाहेर पडतंय ते जणू तपासतायत. मुलांनी त्यांचं नाव सीसीटीव्ही ठेवलं होतं. मागून कोणी काही विचारलं तर ते उत्तरच द्यायचे नाहीत. वळून दिसलं कोणी, तर म्हणायचे, "समोर येऊन बोल. मागून बोलणारी माणसं मला आवडत नाय."

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या मराठीच्या मॅडमनी लग्नाच्या गाण्यांचं काम काढलं. मी उमरोळीच्या पुढच्या पाड्यावरची. आमच्याकडे लग्न बाई लावते, गाणी गाऊन. तिला धवलेरी म्हणतात. तिच्यासोबत आणखी बायका गातात आणि प्रत्येकीचे शब्द थोडे थोडे वेगळे असतात. मॅडमना ते वेगळे शब्द हवे होते, म्हणून चार माइक, म्हणून तो रेकॉर्डर, म्हणून काका.

मॅडमनी मला खोलीत बोलावून दार लोटलं.

"संखे मशीनला कोणाला हात लावू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीची दोन रेकॉर्डिंग बिघडली, आणि विचारलं तर धड उत्तर नाही. मला शंका येते. त्यांना मशीन खरंच येतं का, की नुसते किल्ली धरून बसलेत? जूनमध्ये त्यांचं कंत्राट पुढे न्यायचं की नाही ते ठरेल. तू त्यांच्यासोबत राहा आणि दिसेल ते मला एका पानावर लिहून दे. त्यांना सांगू नकोस."

मॅडम वाईट नव्हत्या. पण मला ते काम आवडलं नाही आणि मी हो म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कॉलेजात कोणाला नाही म्हणता येतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

काकांनी पहिल्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडमनी पाठवलंय?"

"गाण्यांसाठी," मी म्हणाले.

"ते ठाऊक हाय. माझ्यावर बघायला पाठवलंय का?"

"नाही काका."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टेबलावरचं लांबट रजिस्टर उघडलं, घड्याळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मला वाटलं, माझी हजेरी लावली असेल.

आठवडाभर त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं बघायचं. मी समोर, ते बाजूला, मध्ये स्क्रीन.

"काय दिसतं?"

"चार पट्ट्या हलतायत."

"मंग रेकॉर्डिंग होतंय?"

"हो."

"नाय!" ते एकदम मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज असा अचानक मोठा व्हायचा, खोलीबाहेरची मुलं डोकावायची. "मागच्या साली एक पोरगा असाच. पाहुण्याचं भाषण, पाऊण तास. पट्ट्या नाचतायत म्हणून खूश. मी दुसऱ्या हॉलमध्ये होतो. येऊन बघतो तर आकडे शून्यावर. पट्टी काय, कोणी खोकलं तरी नाचते. मशीन नुसतं चालू असलं तरी नाचते. वरचे वेळेचे आकडे पळतायत का बघ. आकडे पळाले तर खरं."

मॅडमच्या दोन बिघडलेल्या रेकॉर्डिंगपैकी एकाचा उलगडा मला असा झाला. तो पोरगा कोण, हे त्यांनी मॅडमना सांगितलं नव्हतं. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्याची परीक्षा होती."

त्या स्क्रीनच्या काचेवर त्यांनी एक आडवी बारीक लाल रेघ ओढली होती, मुली नखांना लावतात त्या रंगाने. पट्ट्यांची टोकं त्या रेघेच्या आसपास राहायला हवीत. वर गेल्या तर आवाज फाटतो, फार खाली राहिल्या तर आवाज हाती लागत नाही. कारखान्यात काट्यांच्या काचेवर अशाच लाल रेघा असतात, ते म्हणायचे. कॉलेजच्या वस्तूला रंग फासला म्हणून त्यांना एकदा बोलणी बसली होती.

दुसरी खोड टिचकीची. सुरू करायच्या आधी ते नखाने स्क्रीनच्या काचेवर दोनदा टिचकी मारायचे. जुन्या यंत्रांचा काटा कधी कधी अडकतो. आतलं वाढत असतं आणि काटा आपला जागच्या जागी. टिचकी मारली की सुटतो. ही स्क्रीन, हिच्यात अडकायला काटाच नाही, असं मी एकदा भीत भीत म्हणाले.

"अडकल्यावर कळेल मंग," ते म्हणाले.

कोणत्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. बॅटरीच्या चित्रात तीन खण भरलेले दिसले तरी नवे सेल खिशात. शिल्लक वेळ दोन तास दिसली तरी दीड तासच धरायची. स्क्रीनचा उजेड थोड्या वेळाने आपोआप जायचा, तेव्हा ते चिडून म्हणायचे, "डोळे मिटतो हरामखोर," आणि बटण दाबून तिला जागं करायचे. प्रवासात मशीनची पिशवी पाठीवर नाही, पोटावर.

आणि ते रजिस्टर. दर दहा मिनिटांनी नोंद. वेळ, चारही पट्ट्या कुठवर, बॅटरी, शिल्लक वेळ, कोण कुठे बसलं. शेवटचा रकाना होता 'कान'. तो हेडफोन घालणाऱ्याने भरायचा आणि सही करायची. हेडफोन ते स्वतः कधीच घालत नसत.

"तू ऐक, मी बघतो," एवढंच. पण मग दर दोन मिनिटांनी विचारायचे, "काय ऐकलंस? खरं सांग." मी ठीक म्हणाले की परत माझ्या तोंडाकडे बघायचे. मला त्याचा त्रास व्हायचा. वाटायचं, एवढा संशय असेल तर स्वतःच ऐका ना.

त्या दोनतीन महिन्यांत मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते आणि ते माझ्यावर. कॉलेजच्या कार्यक्रमात मी बघितलं, सगळा हॉल हसला तेव्हा ते हसले नाहीत, वाकून स्क्रीन बघत राहिले. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा सगळे उठल्यावर उठले. मी मनात त्याची नोंद केली. मला वाटलं, लक्ष नसतं यांचं. मॅडमना लिहायला काहीतरी सापडलं म्हणून मला बरंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मग आमच्या पाड्यावर जायचा दिवस आला.

सोमीमावशी आमची धवलेरी. गाण्याला ती तयारच नव्हती. मी तीनदा जाऊन आले होते. चौथ्यांदा माझी आई सोबत आली तेव्हा ती म्हणाली, बरं, पण अर्धंच गाईन. लग्न नसताना पुरं गायचं नसतं. त्या दुपारी ती आणि तिघी जणी आमच्या घरात बसल्या, पाड्यावरचे निम्मे लोक दारात. मी एकेकीसमोर माइक ठेवला. बायकांच्या पायात वायर येऊ नये म्हणून तिसऱ्या माइकची वायर मी पंख्याच्या वायरीला गुंडाळून भिंतीकडेने नेली. मला ते फार नीटनेटकं वाटलं.

सोमीमावशीने मशीनकडे बघितलं. "नवरा नाय, नवरी नाय, मंग लगीन कोणाचं लावू? या डब्याचं?"

"डब्याला नवरा कुठला, मावशी?" एकीने विचारलं.

"हा बसलाय ना! आल्यापासून डब्यावरची नजर काढीत नाय. लई जीव हाय त्याचा."

दारातली माणसंसुद्धा हसली. काका हसले नाहीत. त्यांनी स्क्रीनवरून मान वर केली आणि गंभीरपणे सांगितलं, "चारी पट्ट्या लालच्या वर गेल्या. आवाज जरा कमी."

मग तर कोणी थांबेना. सोमीमावशी डोळे पुसत म्हणाली, "नवरा तापट हाय हो!" आणि त्या हसण्याच्या भरातच, बहुतेक त्यामुळेच, ती गायला लागली.

काकांनी दोन टिचक्या मारल्या आणि बटण दाबलं. आकडे पळायला लागले. मी हेडफोन लावले.

पहिल्यापासून मला एक बारीक आवाज येत होता. घूं... असा. गाण्याच्या खालून. मला वाटलं पंखा असेल. मग वाटलं, पंखा नाही. पण सोमीमावशी डोळे मिटून गात होती, देवांना, झाडांना, गावाच्या वाटांना एकेक करून लग्नाला बोलावत होती. तिला तयार करायला मला चार फेऱ्या पडल्या होत्या. दारात माझी आई उभी होती. तिची मुलगी कानाला कॉलेजचं यंत्र लावून बसलीय, हे ती बघत होती. मध्येच हात वर करून थांबा म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

काकांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी अंगठा दाखवला.

थोड्या वेळाने त्यांनी तीन बोटं वर केली. म्हणजे तीन नंबर? मी अंगठा दाखवला. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी 'कान' या रकान्यात लिहिलं, 'ठीक', आणि सही केली. परत तीन बोटं. परत अंगठा. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं.

"थांबा बाई," ते म्हणाले, नेहमीसारखे फार मोठ्याने.

गाणं तुटलं. सोमीमावशीने डोळे उघडले. "का रं? गाणं मधी तोडलास?"

"माफ करा," काका म्हणाले आणि मला मानेने बाहेर बोलावलं.

बाहेर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ते माझ्या अगदी समोर उभे राहिले.

"काय ऐकत होतीस?"

"गाणं."

"अजून?"

मी खाली बघितलं.

"वर बघून बोल. खाली बघून बोललीस तर मला कळत नाय."

"घूं असा आवाज येत होता."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग अंगठा कशाला दाखवलास?"

मी परत खाली बघितलं. ते म्हणाले, "माणूस गाताना दम घेतो. दम घेतला की पट्टी पडते, परत उठते. एक नंबर पडत होती, दोन पडत होती, चार पडत होती. तीन नंबर पडतच नव्हती. वरच्या वर हलत होती, खाली येत नव्हती. बिनदमाची बाई असते का?"

मला इतकी लाज वाटली की मी उलट बोलले. आयुष्यात मोठ्या माणसाला तसं बोलायची ती पहिलीच वेळ. "तुम्हाला एवढा संशय होता तर तुम्ही स्वतः कानाला लावून बघायचं ना! दर वेळी मलाच का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावरही थोडा वेळ बघत राहिले.

"मला ऐकू येत असतं, तर तुला तीनदा विचारलं असतं?"

मला आधी कळलंच नाही. मग एकेक कळत गेलं. तोंडाकडे बघणं. मागून बोलणाऱ्याला उत्तर न देणं. राष्ट्रगीताला उशिरा उठणं. मी मनात लिहून ठेवलेली प्रत्येक नोंद एका क्षणात उलटी झाली.

खुराड्याच्या काठीवर हात ठेवून त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, जेवढं आठवतं तेवढं.

"दुसरी पाळी होती, चहाची वेळ. दर तासाला उठून काटे बघायचे असतात. सहा वर्सं मी उठत होतो. रोज तेच आकडे, तेच आकडे. मंग काय, आमी सगळेच करायचो, पुढच्या चार तासांचे आकडे बसल्या बसल्या भरून टाकायचो. साहेब यायचा, 'संखे, सब नॉर्मल?' 'हां साब, नॉर्मल.' त्या दिवशी पण भरले होते. पाच वाजता कागदावर प्रेशर नॉर्मल होतं, सही माझी. प्रेशर लई वाढलं की फुटावी म्हणून एक चकती बसवलेली असते. ती फुटली. मी चहा घेऊन तिच्या खालूनच चाललो होतो. कोणाला काय झालं नाय. माझे कान गेले. डावा पुरा, उजवा थोडा हाय. कंपनीला सांगितलं नाय. बहिऱ्याला पॅनलवर कोण ठेवील? आणि सांगून काय सांगणार? लॉग तर मीच भरला होता."

मग म्हणाले, "मी लोकांवर संशय घेतो असं बोलतात. मला ठाऊक हाय माणूस कसा सही करतो."

आम्ही आत गेलो. काकांनी न सांगता तिसऱ्या माइकची वायर पंख्याच्या वायरीपासून सोडवली, दूर केली, आणि मी हेडफोन लावले. घूं गेलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी अंगठा दाखवला नाही. मी त्यांच्या समोर जाऊन, वर बघून म्हणाले, "गेलं."

आता सोमीमावशी परत गाईल की नाही याची मला धास्ती होती. पण ती म्हणाली, "तोडलास ना मधी? आता अर्धं ठेवता येत नाय. अर्धं लगीन मोडलेलं असतं. आता पुरं करायला लागल, डब्याचं तर डब्याचं." आणि अर्धंच गाणार म्हणणारी मावशी पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. संपेपर्यंत उन्हं उतरली होती. काका तीन नंबरच्या पट्टीकडे बघत होते. ती पडत होती, उठत होती. प्रत्येक वेळी पडली की त्यांची मान किंचित हलायची. बायकांना वाटलं, त्यांना गाणं फार आवडलंय. आवडलं असेलही. त्यांनी ते कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही.

जाण्याआधी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. "रेघ मार."

मी माझ्या 'ठीक'वर रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'तीन नंबरला घूं. ऐकलं, सांगितलं नाही.' सही केली. त्यांनी वाचलं. मग पानं मागे उलटत गेले आणि पहिल्या दिवशीच्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'माझ्यावर बघायला पाठवलं का विचारलं. नाय म्हणाली. डोळे खाली.'

मी ते दोनदा वाचलं. मग 'नाय' वर रेघ मारली, बाजूला 'होय' लिहिलं आणि सही केली.

"तुम्हाला माहीत होतं, तर मला शिकवलंत कशाला?"

"तपासायला माणूस पाठवला," ते म्हणाले, "तर त्याला तपासता तरी आलं पायजे."

मॅडमना द्यायचं पान माझ्याकडे आठ दिवस कोरं होतं. कान लिहिले तर किल्ली जाईल, हे दिसत होतं. नाही लिहिले तर ती माझी परत एक खोटी सही. शेवटी मी काकांकडे गेले आणि त्यांच्या समोर उभी राहून विचारलं, "कान लिहू का?"

"दिसलं ते लिही. बसल्या बसल्या भरू नको."

मी लिहिलं. तिसऱ्या माइकचा बिघाड माझ्या चुकीने झाला, तो मी ऐकूनही सांगितला नाही, तो संखेकाकांनी नुसतं बघून पकडला. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. पान त्यांना आधी दाखवलं. त्यांनी ते लॉगशीटसारखं वाचलं, ओळीवर पेन फिरवत. मशीन बंद केल्याची वेळ मी दोन वीस लिहिली होती, तिच्यावर रेघ मारून दोन पस्तीस केलं. कानाच्या ओळीपाशी पेन थांबलं. मला वाटलं, आता रेघ मारतील. मारावी असंही वाटलं. त्यांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'उजवा थोडा चालतो', आणि सही केली.

मॅडमनी पान वाचून चष्मा काढला. "हे मला आधी कोणीच का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाल्या. पुढचे महिने काका होते. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. मॅडम त्यांच्याशी समोर उभ्या राहून बोलायला लागल्या, हे मी बघितलं. पण जूनमध्ये कंत्राट पुढे गेलं नाही. सामानाची खोली कॉम्प्युटर विभागाकडे दिली. ते आधीच ठरलं होतं असं ऑफिसमध्ये म्हणाले. मॅडमही तसंच म्हणाल्या, पण तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या कागदामुळे गेलं की जाणारच होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ही जागा मी कोरी सोडते.

नव्या माणसाने काचेवरची लाल रेघ पुसून टाकली. पुसट खूण राहिली आहे. उजेड तिरका पडला की दिसते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. बोईसरच्या बाजारात, भाजीच्या गाड्यांच्या पुढे. हातात पिशवी घेऊन ते माझ्या पुढे चालले होते. तोच टेस्टर खिशात असणार, पाठमोरे असल्यामुळे दिसला नाही. मी हाक मारली, "काका!" ते चालत राहिले. परत मारली. तिसरी फार मोठ्याने, दोन भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. मग माझं मलाच कळलं. मी धावत पुढे गेले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओळख पटली तरी नजर तीच.

"किती हाका मारल्यास?"

एकच, असं म्हणणार होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"तीन," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले. नोंद झाल्यासारखी मान हलवली. मावशी कशी हाय विचारलं, डब्याचा संसार कसा चाललाय विचारलं, आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकले. जे विचारायचं होतं ते समोर उभं राहून विचारायची हिंमत झाली नाही. रस्त्याकडे बघत विचारलं, "काका, माझ्या कागदामुळे गेलं का?"

कंपनीच्या बसेस चालल्या होत्या, कोणीतरी हिंदीत कांदे ओरडत होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकू आलं नाही की ऐकू येऊनही ते बोलले नाहीत, हे मला कळलं नाही. उजवा थोडा चालतो, हे त्यांनीच लिहिलं होतं.

माझ्या हातात मोबाइल होता. त्यांनी वाकून त्याच्या स्क्रीनकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि नखाने काचेवर दोन टिचक्या मारल्या.

"सतरा टक्के," ते म्हणाले. "घरी पोचेपर्यंत पुरायची नाय."

आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन गर्दीतून पुढे गेले. मी हाक मारली नाही. उमरोळीला उतरून पाड्याच्या वाटेला लागले तेव्हा फोन काढून बघितला. बंद पडला होता.